शाळेच्या वर्गात कॉलेजची परीक्षा

बीडहून परळीकडे निघाले की वाटेत वडवणी हे तालुक्याचे गाव लागते. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की अशा गावांतल्या विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळांत धांदल उडते. ब्युरेट धुतल्या जातात, बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या लागतात आणि ‘बाहेरचे परीक्षक कोण येणार?’ याची कुजबूज सुरू होते.

पण ही परीक्षा शाळेची की कॉलेजची? थोडा हिशेब करू या. पूर्वी शाळा अकरा वर्षांची असे आणि त्यापुढे पदवीपर्यंत कॉलेजची चार वर्षे. एकूण पंधरा. मग 10 + 2 + 3 हा आकृतिबंध आला आणि 1975 साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. बेरीज पंधराच राहिली. म्हणजे आजची बारावी हे जुन्या हिशेबाने कॉलेजचे पहिले वर्ष! ते कॉलेजातून निघाले आणि कितीतरी ठिकाणी माध्यमिक शाळेच्याच इमारतीत ‘कनिष्ठ महाविद्यालय’ म्हणून येऊन बसले.

याच्या अगदी उलट प्रकार त्याआधी होता. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1859 साली त्याने पहिली प्रवेशपरीक्षा घेतली. हीच पुढे मॅट्रिक म्हणून प्रसिद्ध झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. मुले शाळेतली, पण परीक्षा विद्यापीठाची! वडवणीचा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलालाही त्या वाटेने जायचे तर उर्दूशी झुंजावे लागे. अमेरिकेतही 1950 च्या दशकापासून हायस्कुलातल्या मुलांना कॉलेजच्या दर्जाची परीक्षा आपल्याच शाळेत देता येते. तिथे 1 ते 5 असे गुण मिळतात आणि चांगले गुण पडल्यास पुष्कळ कॉलेजे तो विषय झाला असे धरतात.

आता खरी अडचण पाहा. लेखी परीक्षेची प्रश्नपत्रिका मोहोरबंद पाकिटातून येते, वडवणीला तीच आणि दूरच्या शहरातही तीच. उत्तरपत्रिका तपासायला दुसरीकडे जाते. तपासणाऱ्याला मुलाचे नाव ठाऊक नसते. पण रसायनशास्त्राच्या 100 गुणांपैकी 30 प्रात्यक्षिकाचे असतात आणि प्रयोगशाळा काही पाकिटात घालून पाठवता येत नाही!

अनुमापनाचेच उदाहरण घ्या. शंकुपात्रात 10 मि.ली. ऑक्झॅलिक आम्ल, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल. ते साठ-सत्तर अंश सेल्सियसपर्यंत तापवायचे आणि ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे द्रावण थेंब थेंब सोडायचे. आधी रंग नाहीसा होत जातो. मग एका थेंबाला फिकट गुलाबी छटा येते आणि टिकते. तिथे थांबायचे. परमँगनेटच्या 2 रेणूंना ऑक्झॅलिक आम्लाचे 5 रेणू लागतात. म्हणून आम्ल 0.05 मोलर आणि परमँगनेट 0.02 मोलर असेल, तर बरोबर 10 मि.ली. परमँगनेट खर्च व्हायला हवे.

समजा, ऊर्ध्वपातित पाणी संपले आणि कोणी ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण बोअरच्या पाण्यात केले. मराठवाड्याच्या काळ्या खडकातले पाणी बहुधा जड असते, कारण त्यात कॅल्शियमचे क्षार असतात. कॅल्शियम आणि ऑक्झॅलेट एकत्र आले की न विरघळणारा पांढरा साका बनून तळाशी बसतो. वरचे द्रावण तेवढे दुबळे होते. ते 0.045 मोलर झाले असेल, तर अचूक काम करणाऱ्या मुलीलाही 10 ऐवजी 9 च मि.ली. वाचन मिळेल. चूक बाटलीची, गुण मात्र तिचे जायचे!

यावर उपाय साधा आहे. परीक्षकाने मुले येण्यापूर्वी त्याच बाटल्यांतली द्रावणे घेऊन स्वतः अनुमापन करावे आणि मुलांची वाचने आपल्या वाचनाशी ताडून पाहावीत, पुस्तकातल्या आकड्याशी नव्हे. मग द्रावण थोडे दुबळे असले तरी कोणावर अन्याय होत नाही. परमँगनेट तपकिरी बाटलीत ठेवतात तेही यासाठीच. उजेडात ते हळूहळू बिघडते आणि सकाळच्या तुकडीचे वाचन दुपारच्या तुकडीला लागू पडेनासे होते.

काही ठिकाणी मात्र वर्षभर प्रयोगशाळेचे कुलूप निघत नाही आणि परीक्षेच्या दिवशी गुणांची खैरात होते. मला ही मेहेरबानी वाटत नाही. त्या मुलाने पुढे पदवीच्या वर्गात पहिल्यांदाच ब्युरेट हातात घेतली, की तोटी किती फिरवायची इथपासून त्याची तयारी सुरू होते.

तुमच्या शाळेत ब्युरेट असेल, तर आजच एक गोष्ट करून पाहा. तीत पाणी भरा आणि पातळी आधी डोळ्यांच्या रेषेत आणून वाचा, मग टाचा उंचावून वरून वाचा. दुसरे वाचन कमी येईल. पाण्याची पातळी वाचताना अर्धचंद्राकृती पृष्ठभागाची खालची कड धरतात. परमँगनेट इतके गडद की ती कड दिसतच नाही, म्हणून तिथे वरची कड वाचतात. सुरुवातीला आणि शेवटी कड मात्र एकच धरायची.