साइट लोकलला घेताना

चालू संकेतस्थळाची प्रत काढून ती आपल्याच कॉम्प्युटरवर उभी करायची, तिथे हवी तेवढी मोडतोड करून बघायची आणि सगळं जमलं की मगच लाइव्हला हात लावायचा, हे आज नवख्यालाही सुरुवातीलाच शिकवतात. वीसेक वर्षांपूर्वी छोट्या मराठी साइट्सचं बरंचसं काम थेट लाइव्हवरच चाले. एफटीपीने फाइल उतरवायची, दोन ओळी बदलायच्या, परत चढवायची आणि पान रिफ्रेश करायचं. एखादा अर्धविराम राहिला की साइट पडायची आणि तेवढ्यात आलेल्या वाचकाला कोरं पांढरं पान दिसायचं.

साधनं नव्हती असं नाही. डेटाबेस हाताळायचं पीएचपीमायअ‍ॅडमिन १९९८ पासून होतं. अपाचे, मायएसक्यूएल आणि पीएचपी एकाच इन्स्टॉलरमध्ये बांधून देणारं झॅम्प २००२ च्या सुमारास आलं, आणि २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. अडायचं ते दुसरीकडे. २००४ च्या सरकारी धोरणाने ब्रॉडबँडची किमान गती ठरवली ती २५६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला फार तर ३२ किलोबाइट. शंभर एमबीचं फोटोंचं फोल्डर उतरवायला सगळं सुरळीत असेल तर तासभर लागणार, आणि त्या काळात महाराष्ट्रात भारनियमन जोरात. अशा वेळी पूर्ण साइट खाली घेण्याची टाळाटाळ व्हायची, यात नवल नाही.

तरीही साइट लोकलला आणलीच, की पहिला घोळ पत्त्याचा. वर्डप्रेसच्या ऑप्शन्स टेबलात साइटचा पत्ता दोन नोंदींत पूर्ण लिहिलेला असतो. त्या न बदलता लोकलहोस्टवर लॉगिन करायला गेलं, की साइट गुपचूप लाइव्हवर नेऊन सोडते. रंगरूप तेच, लेख तेच. प्रतीवर काम चाललंय अशा समजुतीत माणूस खऱ्या साइटवरचे लेख पुसून बसू शकतो. यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे डेटाबेसची उतरवलेली अख्खी प्रत, म्हणजे डंप, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून जुन्या पत्त्याच्या जागी नवा टाकणं. तो मात्र हमखास अंगाशी यायचा.

कारण पीएचपी सेटिंग्जची गुंडाळी करून साठवताना प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहून ठेवते. जुना पत्ता अठरा बाइटचा, नवा सोळाचा आणि आधीचा आकडा तसाच अठरा, असं झालं की ती अख्खी नोंद वाचलीच जात नाही. साइडबारमधली विजेट्स गायब, थीमची सेटिंग्ज कोरी, आणि एरर शोधून सापडत नाही. लिव्हरपूलच्या इंटरकनेक्ट आयटी या कंपनीने यासाठी एक छोटी स्क्रिप्ट मोफत दिली. ती गुंडाळी सोडवायची, पत्ता बदलायची, लांबी नव्याने मोजायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. पुढे डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनात हेच काम एका ओळीच्या कमांडवर आलं, आणि काही न बदलता आधी नुसतं तपासून बघायची सोयही मिळाली. त्या स्क्रिप्टने जितक्या साइट्स वाचवल्या असतील, त्या मानाने तिचं कौतुक फारच कमी झालं.

ही लांबी अक्षरांत नसते, बाइटमध्ये असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून ‘मराठी’ हा शब्द पंधरा बाइटचा. इंग्रजी साइटवाल्यांना ज्याचा कधी विचारही करावा लागला नाही, त्याने मराठी साइटवाल्यांची झोप उडवली.

दुसरा घोळ अक्षरांचा. मायएसक्यूएल स्वीडनमध्ये घडलं आणि त्याचं मुळातलं कॅरेक्टर सेट होतं लॅटिन-१, तेही स्वीडिश क्रमवारीचं. २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत ते तसंच होतं. सुरुवातीच्या वर्डप्रेस साइट्सनी मराठी मजकूर याच टेबलांत भरला. डेटाबेसला वाटे ही युरोपीय अक्षरं आहेत. त्याला कळत काहीच नसे, पण आलेले बाइट तो जसेच्या तसे ठेवी आणि जसेच्या तसे परत देई. त्यामुळे ब्राउझरमध्ये मराठी छान दिसे आणि कोणाला शंका येत नसे. मे २००७ मधल्या २.२ आवृत्तीपासून कॉन्फिग फाइलमध्ये कॅरेक्टर सेट सांगणारी ओळ आली. लोकलला प्रत उभी करताना साहजिकच नवी कॉन्फिग फाइल घेतली जायची. जोडणी यूटीएफ-८ ची आणि टेबल लॅटिन-१ चं, मग डेटाबेस प्रामाणिकपणे एकेका बाइटचं भाषांतर करू लागे. पडद्यावर सगळीकडे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्याला चिकटून चलनाचं गोल चिन्ह किंवा जपानी येन, आणि मागे काहीतरी तिसरंच. ‘म’चं तिसरं चिन्ह नोंदणीकृत व्यापारचिन्हाचं, ‘र’चं अंशाचं.

हा कचरा बघून अनेकांनी साइट गेलीच असं धरलं. खरं तर त्यात एकही बाइट हरवलेला नसतो. प्रत्येक त्रिकूट ‘ए’पासूनच सुरू होतं, दुसऱ्या जागी दोनच चिन्हं आलटून पालटून येतात, ही शिस्त दिसली की मजकूर शाबूत आहे असं समजावं. कॉलम आधी बायनरी करायचा आणि मग यूटीएफ-८ जाहीर करायचा. मधल्या पायरीत डेटाबेसला भाषांतराची संधीच मिळत नाही, आणि मराठी परत येते. पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर मात्र गोष्ट वेगळी. त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की देवनागरी अक्षर लॅटिन-१ मध्ये बसवायचा खरोखर प्रयत्न झाला, ते बसलं नाही आणि त्याजागी प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. डेटाबेसमध्येच ती प्रश्नचिन्हं साठली असतील तर जुना बॅकअप हाच आधार. हा फरक वेळेवर कळला नाही म्हणून लोकांनी वाचवता येण्याजोगे लेखसंग्रह फेकून दिले, याचं मला आजही वाईट वाटतं.

स्मार्टफोन आल्यावर आणखी एक भर पडली. मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ-८ तीनच बाइटपर्यंत जायचं. देवनागरी त्यात बसे, पण वाचक प्रतिक्रियेत जोडलेले हात टाकू लागले आणि त्या इमोजीला चार बाइट लागतात. ज्या सर्व्हरवर नियम सैल असत, तिथे इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर छाटला जाई. नमस्कार करून लिहायला सुरुवात करणाऱ्याची अख्खी प्रतिक्रिया जायची. एप्रिल २०१५ च्या ४.२ आवृत्तीत वर्डप्रेसने चार बाइटची व्यवस्था स्वीकारली, तेव्हा हे थांबलं.

उरलेली कहाणी यंत्रांची, आणि ती झपाट्याने सोपी होत गेली. विंडोजला फोटोच्या नावातली मोठी आणि छोटी रोमन अक्षरं सारखीच, लिनक्सला वेगळी. त्यामुळे लोकलला दिसणारे फोटो लाइव्हवर दिसायचे नाहीत. २०१० मध्ये व्हॅग्रंट आणि २०१३ मध्ये डॉकर आलं, तेव्हा सर्व्हरवर आहे तीच लिनक्स आणि तीच पीएचपी टेबलावर चालवता येऊ लागली. डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमने ‘डॉट डेव्ह’ पत्त्यांना एचटीटीपीएसची सक्ती केली आणि जगभरच्या लोकल प्रती एका अपडेटनंतर उघडेनात. ‘डॉट टेस्ट’ हा शेवट चाचणीसाठी १९९९ पासूनच राखून ठेवलेला होता. तोच वापरला असता तर कोणालाच काही झालं नसतं. २०२२ पासून तर वर्डप्रेस प्लेग्राउंडमध्ये अख्खी पीएचपी ब्राउझरच्या आतच चालते, मायएसक्यूएलच्या जागी एसक्यूलाइट.

प्रत काढणं सोपं झालं, तसं प्रतीत काय येतं याकडे दुर्लक्ष वाढलं. डंपमध्ये लेखांसोबत वर्गणीदारांचे ईमेल, फोन नंबर, घरचे पत्ते येतात. वर्डप्रेसची ठरलेल्या वेळची कामं पान उघडलं की चालू होतात. म्हणजे लोकलची प्रत चाळता चाळता खऱ्या वर्गणीदारांना ‘आपली वर्गणी संपली’ अशी पत्रं जाऊ शकतात. त्यासाठी मेलहॉगसारखी साधनं आहेत, जी प्रत्येक ईमेल मशीनवरच अडवतात. २०२० मध्ये ५.५.१ आवृत्तीने ‘ही साइट लोकल आहे’ असं जाहीर करायची सोय दिली, पण न सांगितल्यास वर्डप्रेस स्वतःला लाइव्हच समजतं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यावर तर फ्रीलान्सरच्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं पडलेले असे डंप म्हणजे नुसता निष्काळजीपणा राहिलेला नाही. प्रत काढली की आधी ईमेल आणि फोन बदलून टाकावेत, काम झालं की ती पुसावी.

दरम्यान २००७ च्या आधीच्या मराठी साइट्स अजून जुन्या होस्टिंगवर चालू आहेत, टेबलं लॅटिन-१ ची आणि मजकूर देवनागरीचा. होस्टिंगवाले जुनी पीएचपी बंद करत चालले आहेत, आणि डेटाबेस जोडण्याची जुनी फंक्शनं तर डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७ मधूनच काढून टाकली. अशी साइट हातात असेल तर सर्व्हर बदलायच्या आत लॅटिन-१ सांगूनच डंप काढून ठेवावा, लोकलला उभा करावा, आणि एखादा जोडाक्षरांनी भरलेला लेख शेवटपर्यंत वाचून बघावा.