प्रवेश परीक्षेत नेमके तपासतात काय?

मराठी माध्यमातून दहावीला नव्वद टक्के मिळवलेला मुलगा पुढे ‘नीट’मध्ये किंवा सीईटीत मागे पडला, की गावात दोनच निष्कर्ष निघतात. पोरगा कॉलेजला जाऊन बिघडला, नाहीतर मराठी शाळेत घातले हेच चुकले. ही परीक्षा तपासते तरी काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

दहावीच्या पेपरात उत्तर अर्धवट असले तरी पायऱ्यांना गुण मिळतात. प्रवेश परीक्षेत पायऱ्यांना किंमत नाही. 2025 च्या ‘नीट’मध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न होते. कर्नाटकच्या सीईटीत विषयाला 60 प्रश्न आणि 80 मिनिटे. मिनिटाभरात प्रश्न वाचायचा, समजून घ्यायचा, आकडेमोड करायची आणि गोल रंगवायचा. म्हणजे विषयाच्या ज्ञानाइतकाच वाचनाचा वेगही येथे मोजला जातो, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत ते वाचन इंग्रजीतले असते.

‘नीट’ 13 भाषांत होते, त्यांत मराठी आहे. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. चंदगडचा मुलगा कोल्हापूरच्या केंद्रावर ती मागू शकतो. येळ्ळूरच्या मुलाला बेळगावच्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड यांतूनच निवड करावी लागते. हा अन्याय आहेच. तरी केवळ मराठी प्रश्नपत्रिका मिळाल्याने सगळे भागेल असे समजू नये. पीयूसीची दोन वर्षे विज्ञान इंग्रजीत शिकलेल्या मुलाला ‘अपवर्तनांक’ किंवा ‘तंतुकणिका’ हे शब्द तोवर परके झालेले असतात.

खरी अडचण मोठ्या पारिभाषिक शब्दांची नाहीच. ते पाठ होतात. अडचण छोट्या शब्दांची आहे. भौतिकशास्त्रात ‘नॉर्मल’ म्हणजे पृष्ठभागाला लंब. घाईत मूल तो ‘नेहमीचा’ असा वाचते आणि येत असलेले गणित चुकते. ‘इनकरेक्ट’ विधान कोणते, असे विचारले असता बरोबर विधानावर खूण करून येणारेही पुष्कळ. ‘नीट’च्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे, आणि तेथे तर वाक्येच वाचायची असतात. म्हणून पीयूसीच्या पहिल्या दिवसापासून एनसीईआरटीच्या पुस्तकाचे पान रोज मोठ्याने वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगण्याची सवय लावावी. महागड्या क्लासच्या आधी हे करून पाहावे, त्याला पैसा लागत नाही.

चुकीच्या उत्तराला गुण कापतात, ही भीतीही नीट तपासावी. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकीला 1 जातो. चार पर्यायांपैकी दोन नक्की चूक आहेत असे कळले, तर उरलेल्या दोहोंतून एक निवडणे सरासरीने फायद्याचेच ठरते. तरीही आमची मुले असे प्रश्न कोरे सोडून येतात. कर्नाटक सीईटीत तर गुण कापतच नाहीत. तेथे एकही गोल कोरा ठेवण्याचे कारण नाही. शिवाय तिथल्या अभियांत्रिकीच्या क्रमवारीत निम्मा वाटा पीयूसीच्या भौतिक, रसायन व गणिताच्या गुणांचा असतो. सीईटीच्या नादात कॉलेजचा अभ्यास सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्रात अभियांत्रिकीला जायचे असेल, तर 865 गावांच्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. दहावी किंवा बारावी सीमाभागातील संस्थेतून झालेली असावी लागते. रहिवासाचा व मातृभाषेचा दाखला वेळेत काढून ठेवावा; ऐन प्रवेशाच्या आठवड्यात कचेरीच्या खेपा घालून तो मिळतोच असे नाही. परीक्षा मात्र महाराष्ट्राची सीईटी द्यावी लागते. तीतही गुण कापत नाहीत, पण प्रश्न महाराष्ट्र बोर्डाच्या अभ्यासक्रमावर असतात. बारावीवर सुमारे 80 टक्के, अकरावीवर 20 टक्के. पीयूसीची पुस्तके वेगळी असल्याने बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तके जूनमध्येच कोल्हापूरहून मागवून घ्यावीत.