मूल हाकेला ‘ओ’ देत नाही तेव्हा

माझा भाचा दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. बहीण काळजीने म्हणाली, “दादा, तू तर कॉलेजात मानसशास्त्र शिकवतोस. यात काही काळजीचं आहे का रे?” मी ऐटीत उत्तर दिले, “अगं, मुलगे जरा उशिराच बोलतात. तुझे सासरे म्हणे चौथ्या वर्षी बोलले!” सगळे हसले आणि विषय तिथेच संपला. त्या माझ्या शहाणपणापायी मुलाचे चौदा महिने वाया गेले. पुढे तपासणी झाली तेव्हा कळले, की त्याला स्वमग्नता आहे.

श्रोतेहो, न बोलणे हे तसे उशिरा दिसणारे लक्षण. त्याआधी मूल पुष्कळ काही सांगत असते. साधारण वर्षाचे मूल नावाने हाक मारली की वळून पाहते, ‘टाटा’ करते. त्यानंतर दोन-चार महिन्यांत खिडकीतला कावळा बोटाने दाखवू लागते आणि लगेच आईच्या तोंडाकडे पाहते. कावळा काही त्याला नको असतो. ‘तू पाहिलास ना?’ एवढेच त्याला विचारायचे असते. बोलण्याचा पाया हाच. माझा भाचा बोट दाखवीत नसे. आईचे मनगट धरून तो तिचा हात बिस्किटांच्या डब्यावर नेऊन ठेवी, जणू तो हात म्हणजे एखादा चिमटा! आईकडे मात्र पाहत नसे. दारातल्या चपला ओळीने मांडण्यात तासभर रमे, आणि कुकरची शिटी झाली की कानांवर हात घेऊन किंचाळे. आम्ही म्हणायचो, काय नीटनेटका आहे!

यातले एखादेच लक्षण दिसले म्हणून घाबरून जाऊ नये. पण सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडी नाही, तर तपासणी करावीच. आणि येत असलेले शब्द गळून पडले, तर मुलाचे वय काहीही असो, थांबू नये.

सर्वांत आधी कान तपासून घ्यावेत. आपल्याकडे पाठीमागे थाळी वाजवून पाहतात. मूल दचकले की ‘कान शाबूत आहेत’ असा निकाल! थाळीचा दणका ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येत नसतील. यंत्रावरची तपासणी तान्ह्या मुलाचीसुद्धा होते.

दुसरे म्हणजे, आईला दोष देऊ नये. अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली आणि या अवस्थेची ओळख जगाला झाली. त्यानंतर बरीच वर्षे मोठमोठे विद्वान सांगत राहिले, की आईच्या थंडपणामुळे मूल असे होते. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा एका मुलाचे वडील. 1964 साली त्यांनी पुस्तक लिहून ही समजूत खोडून काढली. मेंदूची घडण गर्भापासूनच वेगळी होत जाते आणि तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे आता स्पष्ट आहे. लस टोचल्याने असे होते म्हणणारा 1998 चा लेखही त्या नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. आता लोक मोबाइलला धरतात. मोबाइल बाजूला ठेवावाच. पण तो बंद करून आणखी सहा महिने वाट पाहणे हा काही उपाय नव्हे.

जायचे कुठे? बालरोगतज्ज्ञांकडे, आणि ते ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणाले तर दुसऱ्यांकडे. खेड्यात अंगणवाडीतल्या बालकांच्या तपासणीत विकासातला विलंब पाहण्याची तरतूद 2013 पासून सरकारी योजनेत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे तिथून पाठवतात. 2016 च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झालेला आहे, म्हणून दाखला मिळतो. मात्र दाखला मिळेपर्यंत, किंवा रोगाचे नाव ठरेपर्यंत, वाचा-उपचार आणि खेळातून शिकवणे अडवून ठेवण्याचे कारण नाही. स्वमग्नता औषधाने नाहीशी होत नाही. मूल शिकते ते या रोजच्या शिकवण्याने.

जाताना वही न्यावी. कॅनरांच्या पहिल्या मुलाच्या वडिलांनी त्यांना तेहतीस पानांचे टंकलिखित पत्र धाडले होते, आणि डॉक्टरांना त्याचा फार उपयोग झाला. माझ्या बहिणीने तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनांत दुधाच्या हिशेबाशेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवले होते: ‘आज टाटा केलं’, ‘काका म्हणाला’, आणि पुढे चार महिन्यांनी, ‘काका म्हणत नाही’. डॉक्टरांनी ती पाने दोनदा उलटून पाहिली. माझी पदवी त्यांनी विचारली नाही.