योजनेला गुण कोणी द्यायचे?

सरकारी योजनेमागोमाग तिचा अहवाल येतो. किती कामे झाली, किती रुपये खर्च झाले, सगळे त्यात असते. ज्यांच्यासाठी योजना आणली त्यांचे म्हणणे मात्र क्वचितच सापडते.

सीमाभागातील एका खेड्यात विद्यार्थ्यांसह मी पाणी योजनेची पाहणी केली. वरून आलेल्या छापील तक्त्यात प्रश्न होता, ‘घरात नळ आहे का?’ घरोघरी उत्तर मिळाले, ‘आहे.’ कट्ट्यावरच्या एक आजी म्हणाल्या, ‘‘नळ हाय की, सर. पाणी कवा येतंय, तेवढं इचारा.’’ पाणी यायचे सकाळी अकराला, बायका शेतावर गेल्यावर! तक्त्यात योजना पास, घागरींची रांग मात्र विहिरीवरच. बायकांशी बोलून आम्ही वहीत ‘पाण्याची वेळ’ हा नवा रकाना आखला आणि खरी परिस्थिती समोर आली.

मूल्यमापनात लोकांना सामील करायचे ते असे. उत्तरे तर त्यांची हवीतच, प्रश्न ठरवतानाही ते हवेत.

याचा धडा राजस्थानने दिला. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. कामाची हजेरीपत्रके आणि बिले गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली. कामावर कोण होते आणि कोण नव्हते, हे गावाला ठाऊक होते. त्यामुळे खोट्या नोंदी जागीच उघड्या पडल्या. लिहिता-वाचता न येणारी माणसेही तिथे हिशेब तपासनीस झाली. पुढे 2005 च्या रोजगार हमी कायद्यातील कलम 17 ने सामाजिक लेखापरीक्षणाचे काम ग्रामसभेकडे दिले. 2011 च्या नियमांनी काम राबवणाऱ्या यंत्रणेला त्यात ढवळाढवळ करण्यास मनाई केली. मेघालयाने तर 2017 मध्ये यासाठी स्वतंत्र कायदाच केला.

अर्थात, सभा बोलावली म्हणजे लोक बोलतीलच असे नाही. सरपंचांसमोर मजूर गप्प बसतो, पुरुषांसमोर बायका. म्हणून बायकांची बैठक वेगळी घ्यावी, तीही कामे उरकल्यावर. कागद लोकांना समजेल त्या भाषेत वाचून दाखवावेत. आपल्या भागात तर हे फारच गरजेचे. आणि निष्कर्ष काय निघाला, त्यावर काय केले, हे त्याच गावात परत येऊन सांगावे. नाहीतर पुढच्या खेपेला कोणी तोंड उघडणार नाही.

पुढच्या ग्रामसभेला किंवा शाळेच्या पालक बैठकीला आपण जाल, तेव्हा अहवाल ऐकून नुसती सही करू नका. ‘यातले प्रश्न कोणी ठरवले?’ एवढे जरूर विचारा.