जिभेच्या आवाक्याबाहेरची फर

पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२० च्या सुमारास इराणात होता. खोरासान प्रांतातली करड्या, रेशमी केसांची मांजरं पाहून तो असा काही भुलला, की मायदेशी न्यायला त्यानं चार जोड्या राखून ठेवल्या. पोर्तुगीजांनी ही मांजरं इराणातून हिंदुस्थानात आणल्याचंही त्यानं लिहून ठेवलं आहे. पुढे तो स्वतः सुरत आणि गोवा पाहून गेला. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये आज सोफ्यावर पसरलेली पर्शियन मांजर म्हणजे अलीकडचं फॅड, असं मानणाऱ्यांनी ही नोंद ध्यानात ठेवावी.

आजची पर्शियन मात्र इराणची म्हणावी का, हा प्रश्नच आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात ही मांजरं पश्चिम आशियातल्यांपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांची जवळची नातलग निघाली. याचं उत्तर इंग्लंडमध्ये सापडतं. १३ जुलै १८७१ रोजी हॅरिसन वेअर यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं प्रदर्शन भरवलं, आणि मांजर पाळण्याच्या हौसेत बक्षिसांची चुरस शिरली. निवडून निवडून संकर होत गेले. लांब केस टिकले, रक्त मात्र बदललं.

केस लांब का होतात? ‘एफजीएफ-५’ नावाचं जनुक केसाच्या मुळाला ‘आता वाढ पुरे’ असा निरोप देतं. या जनुकात बिघाड झाला की निरोप पोचत नाही आणि केस वाढत राहतो. मांजरांमधले असे चार वेगवेगळे बिघाड २००७ मध्ये उजेडात आले. हा गुण अप्रभावी असल्यामुळे तो दिसायला बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडूनही यावी लागते. म्हणूनच आखूड केसांच्या जोडप्याच्या पोटीही कधीकधी झुबकेदार पिल्लू निघतं.

खरी अडचण पुढे आहे. मांजराच्या जिभेवर उलट्या वळणाचे शेकडो काटे असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी ते बारकाईनं तपासले, तेव्हा त्यांची टोकं पळीसारखी पोकळ निघाली. तोंडातली लाळ त्या खोबणीत आपोआप चढते आणि चाटताना थेट फरीच्या तळाशी, कातडीपर्यंत उतरते. घाण निघते, आणि लाळ वाळताना अंगही गार होतं. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पायांच्या गाद्यांना, तेव्हा ही सोय मोलाची. वाघ, सिंह, हिमबिबट्या यांच्यासकट सहा जातींचे काटे त्यांनी पाहिले. फर दाबली गेली की काटा कातडीला टेकतो, हे गणित सगळीकडे जुळलं. जुळलं नाही ते पर्शियनच्या बाबतीत. तिची फर दाबूनही काट्याच्या लांबीपेक्षा जाडच राहते. माणसानं असा कोट घडवला, जो जिचा तिलाच धुता येत नाही!

म्हणून फणी माणसाच्या हातात आली, आणि ती रोज फिरवायला हवी. आधी विरळ दातांची धातूची फणी, मग बारीक दातांची. पाठीवरून हात फिरवून भागत नाही; गुंता होतो तो काखेत, कानामागे, पोटाखाली आणि मागच्या मांड्यांवर. तिथल्या जटेला कात्री लावू नये. जटेबरोबर कातडी वर ओढली जाते आणि ती इतकी पातळ असते की सहज कापली जाते. घट्ट जट डॉक्टरांकडे ट्रिमरनं काढून घ्यावी. विंचरण्यात जेवढे सुटे केस निघतात, तेवढे पोटात जाऊन केसांचे गोळे व्हायचे टळतात.

पावसाळ्यात काळजी दुप्पट. अंघोळीनंतर फर मुळापर्यंत वाळली पाहिजे, कारण गजकर्णाची बुरशी या जातीला लवकर धरते, आणि घरातल्या माणसांनाही लागते. अंगावर गोल चट्टे दिसले तर घरगुती मलमांचे प्रयोग न केलेले बरे.

चपटा चेहरा हे वेगळंच दुखणं. आपल्या बाजारात उठावदार नाकाच्या ‘डॉल फेस’पेक्षा चपट्या ‘पंच फेस’चं मांजर महाग, कारण ते बसकं आणि गोंडस दिसतं. पण नाक आत गेलं की अश्रुनलिका वाकते आणि डोळे सतत पाझरतात. रोज कोमट पाण्याच्या बोळ्यानं ते पुसावे लागतात. श्वासाची वाट अरुंद असल्यानं उन्हाळ्यात धापही लवकर लागते. पैसे जास्त मोजून विकत घेतला जातो तो हा त्रास, असं म्हटलं तर वावगं ठरू नये.

मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा ‘पीकेडी’ हा आजार मात्र वरून दिसत नाही. त्याला सदोष जनुकाची एकच प्रत पुरते, त्यामुळे बाधित मांजराच्या साधारण निम्म्या पिल्लांत तो उतरतो. गाठी जन्मापासून असतात. जास्त पाणी पिणं, वजन घटणं ही लक्षणं दिसतात ती बहुधा सातव्या वर्षाच्या आसपास, आणि तोवर त्या मांजराची पिल्लं घरोघरी गेलेली असतात. संशोधक लेस्ली लायन्स यांच्या गटानं २००४ मध्ये हा दोष शोधून काढला, तेव्हा जगभरातल्या पर्शियनांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक बाधित असल्याचा अंदाज होता. सोनोग्राफीत गाठी खात्रीनं दिसायला मांजर सुमारे दहा महिन्यांचं व्हावं लागतं. जनुकीय चाचणीला गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो, आणि ती पिल्लाच्या आईबापांची, जोडी लावण्याआधीच करून घेता येते.