घामातून जन्मलेली ऊ

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासांचं जन्मगाव आहे, जांब. दासबोधात समर्थ जीवसृष्टीच्या चार खाणी सांगतात: जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज. ही वाटणी त्यांच्याही कित्येक शतकं आधीची. गर्भातून आलेले, अंड्यातून आलेले, जमीन फोडून वर येणारे. इथवर जीवशास्त्राचा विद्यार्थीही मान डोलावेल. घोडं अडतं स्वेदजापाशी. डास, ऊ, माशी, ढेकूण हे घामातून, उष्म्यातून उपजतात, असं मनुस्मृतीचा पहिला अध्याय सांगतो. युरोपही काही वेगळं मानत नव्हता. सडक्या मांसात अळ्या आपोआप होतात, ही तिथली ॲरिस्टॉटलपासूनची समजूत.

साल १६६८. इकडे समर्थ हयात होते. तिकडे फ्लॉरेन्समध्ये टस्कनीच्या ग्रँड ड्यूकचा वैद्य फ्रान्चेस्को रेडी याने रुंद तोंडाच्या चार बरण्यांत मेलेला साप, मासे, वाम आणि वासराचं मांस घालून तोंडं बंद केली. तशाच चार बरण्या उघड्या ठेवल्या. उघड्यांत अळ्या वळवळू लागल्या. बंद बरण्यांतलं मांस सडलं, पण अळी एकही नाही. हवा कोंडली म्हणून जीव उपजला नसेल, असं कुणी म्हणालं तर? रेडीने तीही वाट बुजवली. बरणीच्या तोंडाला तलम जाळीदार कापड बांधलं: हवा आत, माशी बाहेर. वासाने माश्या आल्या, कापडावर घोंगावत राहिल्या. मांसात अळी झाली नाही.

उवेचा निकाल डेल्फ्टच्या लेव्हनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने लावला. सूक्ष्मदर्शकाचं वेड असलेल्या या गृहस्थाने उवेच्या दोन माद्या काळ्या मोज्यात सोडून तो मोजा सहा दिवस स्वतःच्या पायात ठेवला. अंडी मिळाली, पुढे पिल्लंही.

गंमत म्हणजे साक्षीदार मनुस्मृतीतच बसला होता. आठव्या अध्यायातल्या वजनमापांत ‘लिक्षा’ येते, म्हणजे आपली लीख. पहिल्या अध्यायात ऊ घामाची आणि आठव्यात तिचंच अंडं तराजूत! दोन्ही श्लोक शेजारी ठेवून कुणी प्रश्न विचारलेला दिसत नाही, आणि मला खरी चुटपूट त्याचीच आहे.

जुन्या वाटणीसारखाच जुना आकडाही तपासून पाहावा. २०११ साली शास्त्रज्ञांनी पेशीत केंद्रक असलेल्या सजीवांच्या जाती सुमारे ८७ लाख असाव्यात, असा अंदाज बांधला. पुराणांतल्या ८४ लक्ष योनींशी तो जुळतो म्हणून हुरळून जाऊ नये. त्या हिशेबात ४ लक्ष नुसत्या मनुष्ययोनी आहेत. जीवशास्त्रात आजचा माणूस ही एकच जात.

आपोआप जन्माच्या समजुतीतून रेडीही पुरता सुटला नाही. झाडांवरच्या गाठींतले किडे झाडच जन्माला घालतं, असं तो मानत राहिला. ते खोडून काढलं इटलीतल्याच वालिस्नेरीने. आता स्वेदजाच्या खाणीत कुणीच उरलेलं नाही. डास, ऊ, माशी आणि ढेकूण, चारही अंडजांत गेले.