अणुशोषण वर्णपटमिती

अणुशोषण वर्णपटमिती ही पाणी, अन्न, माती, रक्त इत्यादींमधील धातूंचे अत्यल्प प्रमाण मोजण्याची रासायनिक विश्लेषणाची पद्धत आहे. शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त यांच्या मापनासाठी ती वापरली जाते. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये तिची मांडणी केली. बोरिस ल्वोव यांनी १९५९ मध्ये ग्राफाइट भट्टीचा वापर मांडला.

तत्त्व

प्रत्येक मूलद्रव्याचे मुक्त अणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात. शिशासाठी २८३.३ व २१७.० नॅनोमीटर या तरंगलांबी वापरतात. त्याच धातूचा ऋणाग्र असलेल्या पोकळ ऋणाग्र दिव्याचा प्रकाश नमुन्याच्या बाष्पातून जाऊ दिला जातो. किती प्रकाश शोषला गेला, यावरून बिअर-लँबर्ट नियमानुसार धातूचे प्रमाण काढतात. त्यासाठी ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांवरून आधी प्रमाणन आलेख तयार करतात.

प्रकार

हवा-ॲसिटिलीन ज्योतीचे तापमान सुमारे २,३०० अंश सेल्सिअस असते. ज्योतीत अणू क्षणभरच टिकतात. ग्राफाइट भट्टीत ते अधिक वेळ टिकत असल्याने तिची संवेदनशीलता पुष्कळ जास्त असते. पाऱ्यासाठी शीत बाष्प, तर आर्सेनिकसाठी हायड्राइड पद्धत वापरतात.

पाण्यातील शिसे

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. हे प्रमाण साध्या ज्योतीच्या शोधक्षमतेच्या सीमेवर येते, म्हणून ग्राफाइट भट्टी योग्य ठरते. शिसे बालकांच्या मज्जासंस्थेस विशेष घातक असते.

नमुना घेण्यातील चूक यंत्राला दुरुस्त करता येत नाही. उदाहरणार्थ, बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे पैनगंगेचे पाणी घेऊन ते दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचे झाल्यास, बाटली आम्लाने धुतलेली असावी लागते. नमुन्यात शुद्ध नायट्रिक आम्ल घालून सामू २ पेक्षा कमी ठेवतात. अन्यथा शिसे बाटलीच्या भिंतीला चिकटते व मापन कमी येते. याउलट धूळ किंवा अशुद्ध आम्लामुळे ते वाढते. म्हणून नमुन्याविना केलेली कोरी चाचणी आवश्यक असते.

अन्नातील शिसे व न्यायालयीन निर्णय

जून २०१५ मध्ये मॅगी नूडल्समध्ये शिशाचे प्रमाण दशलक्षांश २.५ भागांच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याच्या कारणावरून देशभर बंदी घालण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी ही बंदी रद्द केली. कायद्यानुसार अधिस्वीकृत व मान्यताप्राप्त नसलेल्या प्रयोगशाळांचे अहवाल न्यायालयाने ग्राह्य मानले नाहीत आणि तीन अधिस्वीकृत प्रयोगशाळांत फेरतपासणीचा आदेश दिला. फेरतपासणीत शिसे मर्यादेत आढळले. मापनाची विश्वासार्हता यंत्राइतकीच प्रयोगशाळेच्या कार्यपद्धतीवर अवलंबून असते, हे या प्रकरणातून दिसून आले.

मर्यादा

एका वेळी साधारणतः एकच धातू मोजता येतो. मिठासारख्या घटकांमुळे पार्श्वशोषण होते. ते झीमन किंवा ड्यूटेरियम दिव्याच्या पद्धतीने वजा करतात. अनेक धातू एकत्र मोजण्यासाठी प्रेरण-युग्मित प्लाझ्मा वस्तुमान वर्णपटमिती वापरतात, पण ती उपकरणे महाग असतात.